‘न्याय करू नका’ मधला न्याय नेमका कुठला?

बायबलमधल्या मत्तय ७:१ वरून विचारतोय. मंडळीत (चर्चमध्ये) कुणाला चार शब्द सांगायला गेलं की लगेच उत्तर, "जज करू नकोस, बायबलमध्येच लिहिलंय." पण योहान ७:२४ मध्ये येशूच म्हणतो की वरवर पाहून नको, यथार्थ न्याय करा. मग करायचा की नाही? मूळ शब्द वेगळेत का?

— नाही हो, ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रिनो हेच क्रियापद. वेगळं काढणं, मग ठरवणं, निकाल देणं आणि शेवटी थेट दोषी ठरवणं, एवढा सगळा पसारा एकाच शब्दात. आपलं निवडणे आणि निवाडा कसे एकाच घरातले, तसंच काहीसं. न्याय म्हटलं की आपल्याला कोर्टच दिसतं, म्हणून मत्तयात ‘दोष काढू नका’ असं भाषांतर आहे ते मला जास्त पटतं.

— पुढच्याच ओळींत कुसळ-मुसळ येतं की! ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी दोकोस आहे, म्हणजे घराची तुळई, आणि कुसळाच्या जागी कार्फोस, वाळकी काडी. पण एवढं आयतं यमक हाताशी असताना तुळई कोण घालणार. बरं, लोक वाक्य अर्ध्यावर सोडतात. आधी स्वतःचं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं आहे ते. कुसळ राहू दे असं कुठेय? आणि डोळ्यातलं काढायचं म्हणजे समोरच्याची पापणी धरून, श्वास रोखून, अगदी हलक्या हाताने, लांबून बोट दाखवून नाही निघत.

— स्वतःबद्दल बघायचं तर १ करिंथ ११:३१, म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र. तिथे तो शब्दखेळ करतो, आपण स्वतःला डायाक्रिनो केलं असतं तर आपलं क्रिनो झालं नसतं. मी पहिल्याला ‘पारखणे’ म्हणेन. पण तोच पौल त्याच पत्रात ४:३ मध्ये म्हणतो मी स्वतःचाही न्याय करत नाही, तिथे अनाक्रिनो (कसून तपासणं) आहे, आणि पुढे लगेच, न्याय करणारा प्रभू. म्हणजे पारख रोज आपली, शेवटचा निकाल त्याचा, स्वतःबद्दलचा पण!

— थँक्स. खरं सांगू का, एक बाई सतत उपासनेला उशिरा यायच्या, मी मनात ‘आळशी’ असा निवाडा करून मोकळा, नंतर कळलं घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे. मी कधी विचारलंच नव्हतं. याला क्रिनो म्हणायचं की नुसतं नावं ठेवणं?

— नावं ठेवणं. निवडायला आधी सुपात काहीतरी घ्यावं लागतं.