चिवट डोळेदुखी आणि घरचा गाडा : आपापले अनुभव लिहा

मांजराकाठ

मागच्या आठवड्यात शेजारच्या मळ्यातील एक बाई तूर बडवताना डोळ्यात काडी गेल्याचे सांगत आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातात औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली थेंबांची बाटली होती. ती पाहिल्यापासून आमच्या घरातील एक जुने दुखणे मनातून जाईना, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जनावरांसाठी उसाचे वाढे आणताना पात्याची कड बुबुळाला लागली होती. आधी कुणी लोणी घालायला सांगितले, मग एका नातेवाइकाने तालुक्याहून थेंब आणून दिले. त्या थेंबांनी लाली उतरली, दुखणेही कमी वाटले, आणि काही दिवसांतच बुबुळावर राखाडी पांढरा ठिपका दिसू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी जखम हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि बुरशी असल्याचे सांगितले. माती, पाचट आणि वाळलेल्या काड्यांवर फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस नावाच्या बुरशी असतात. पाला लागून बुबुळाला ओरखडा गेला की त्या आत शिरतात. आधीच्या थेंबांत स्टेरॉइड होते. त्याने लाली दबते, पण बुरशीला रान मोकळे मिळते, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळले.

नॅटामायसिनचे 5 टक्क्यांचे थेंब सुरू झाले, तेही सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा. दुधासारखे पांढरे औषध बाटलीच्या तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. पापण्यांच्या केसांवर त्याची पांढरी खपली धरते, ती उकळून थंड केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसून काढावी लागते. औषध कठीण नव्हते. कठीण होते ते त्याच्याभोवतीचे घर चालवणे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा आणि तेही अवेळी येत असे, ते भरण्याचे काम आजवर आत्याबाईंकडे होते. मामंजींनी रात्रीचे थेंब स्वतःकडे घेतले होते, पण शेतीपंपाला ज्या आठवड्यात रात्रीची वीज असे, त्या आठवड्यात ते मोटारीवर जात. मग रात्र माझ्याकडे येई, आणि पहाटे डबे, भाकरी, शाळा हे सगळे असेच. शेवटी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तासांचे रकाने आखले, थेंब टाकणाऱ्याने आपल्या नावाचे पहिले अक्षर लिहायचे असे ठरले आणि धाकट्या दिरांनी मोटारीची पाळी घेतली. तेव्हापासून एकही रकाना रिकामा राहिला नाही. जखम भरायला महिन्यांवर महिने गेले. बुबुळावर फूल राहिले आहे, पण त्या डोळ्याने आत्याबाई उंबरठा आणि पायरी ओळखतात.

ज्यांच्या घरी असे लांबलेले डोळ्याचे दुखणे होते किंवा आहे, त्यांनी औषधाबरोबर घराची व्यवस्था कशी लावली तेही लिहावे. दवाखान्यात ते कुणी विचारत नाही, आणि खरा उपचार तर तिथेच निसटतो.

पूर्णाकाठचा_गुरुजी

ताई, आत्याबाईंची दृष्टी थोडी तरी राखली गेली, हे वाचून बरे वाटले. आमच्या वडिलांना काचबिंदू आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की दुखत नाही, खुपत नाही, लालही होत नाही. वडील बैलगाडी नेहमी उजव्या बाजूच्या बांधाला घासत नेऊ लागले, तेव्हा आम्हाला ते वयाचे लक्षण वाटले. डोळ्यातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. त्यांचा त्याहून बराच वर होता आणि बाजूची नजर तोवर गेलेली होती. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली राखता येते, एवढेच डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितले.

रात्री झोपताना एक थेंब, आयुष्यभर. ऐकायला सोपे वाटते. परंतु त्यांच्या औषधाची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि परभणीचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात दुपारी वीज गेली की फ्रिजचा उपयोग राहत नाही. एकदम बाटल्या आणून ठेवणे आम्ही बंद केले. दुकानदाराकडे फ्रिज आणि इन्व्हर्टर दोन्ही आहेत याची खात्री करून घेतली आणि एका वेळी एकच बाटली, तीही संध्याकाळी ऊन उतरल्यावर, ओल्या कापडात गुंडाळून आणतो. उघडलेली बाटली माठाशेजारच्या कोनाड्यात, उन्हापासून दूर ठेवतो. ती उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहितो, कारण महिना उलटल्यावर ती टाकून द्यायची असते आणि उरलेले औषध टाकायला वडिलांचा जीव होत नाही.

काचबिंदू घरात एकाला असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घेणे आवश्यक आहे. आमच्या काकांना हे पटवण्यातच एक दिवाळी गेली. तपासणीत त्यांचाही दाब वाढलेला निघाला, सुदैवाने वेळेत.

शिवणयंत्र

मांजराकाठ ताई, रकान्यांची कल्पना फार आवडली. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

टाकळीची_सून

मी लातूरची. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मांजरा धरण आटले होते, मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, आणि आम्ही घागरींच्या रांगेत उभे होतो. ‘डोळ्याला साधे पाणी लागू देऊ नका, डोक्यावरून अंघोळ नको, धूर टाळा, वाकून जड उचलू नका’, अशी यादी मिळाली. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे, हे टँकरवाल्यालाही सांगता येत नव्हते, त्यामुळे जारचे पाणी उकळून केवळ डोळ्याच्या आणि थेंब टाकणाऱ्याच्या हातांच्या कामासाठी एका झाकणाच्या तांब्यात वेगळे ठेवत असू. भांडी राखेने घासून कापडाने पुसण्याचे ते दिवस होते, पण त्या तांब्याला घरात कुणी हात लावला नाही. वडीलही तहानेने उठले तर त्या तांब्याकडे न जाता माठाकडे जात.

आईला घागर उचलू न देणे हे सर्वांत अवघड होते. टँकरचा भोंगा ऐकला की ती उठून उभी राहत असे. शेवटी मावशीला गावाहून बोलावून घेतले, आणि तिचे मुख्य काम आईला बसवून ठेवणे हेच होते.

शिवणयंत्र

माझे दुखणे इतके मोठे नाही, तरीही चिवट म्हणून लिहिते. मला वारंवार रांजणवाडी येत असे. एक बसली की दुसरी. खजुराची बी उगाळून लावणे, लसूण घासणे असे सगळे सल्ले मिळाले. लसणाने पापणीचे कातडे भाजलेल्या बाया मी पाहिल्या असल्याने ते मी केले नाही. नेत्रतज्ज्ञांनी पापणीच्या कडा तपासून सांगितले की तेथील तेलाच्या ग्रंथींची तोंडे बुजतात आणि पापणीला कायमची सूज राहते. दिवसातून दोन वेळा स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, पाच ते दहा मिनिटे शेकायचे, मग पापणीची कड हलकेच पुसून घ्यायची. त्यांनी रक्तातील साखरही तपासायला लावली, आणि ती वाढलेली निघाली. वारंवार रांजणवाडी येत असेल तर साखर तपासून घ्या, एवढे प्रत्येकीने लक्षात ठेवावे.

लग्नसराईत ब्लाउजांची घाई असते, रात्री मशीनवर टक लावून बसले की डोळ्यांची उघडझाप कमी होते आणि वाळू गेल्यासारखे खुपू लागते. आता दर बाहीनंतर मी उठून अंगणात लांब पाहते. गिऱ्हाईक दोन दिवस थांबते, हे मला या दुखण्यात कळले.

पूर्णाकाठचा_गुरुजी

साखरेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मधुमेह असणाऱ्यांनी डोळ्यांना काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, कारण पडद्यावरील रक्तवाहिन्यांची हानी आधी जाणवत नाही.

कपाशीचे_रान

मी जालना जिल्ह्यातील. फवारणीच्या वेळी वाऱ्याची दिशा बदलली आणि औषध आमच्या सालगड्याच्या डोळ्यांत गेले. आमच्याकडे बांधावर पाण्याचा कॅन ठेवण्याची पद्धत होती, त्याने ताबडतोब डोळे उघडे धरून धुतले. निदान पंधरा मिनिटे सलग धुवायचे, चोळायचे नाही, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी घेऊनच डॉक्टरांकडे जायचे, असा नियम आहे. त्याच्या डोळ्याची जळजळ पुढे बरेच दिवस राहिली, परंतु बुबुळ वाचले. जालन्याच्या गणपती नेत्रालयात त्याला दाखवले; तिथे दूरदूरच्या तालुक्यांतून लोक येतात, त्यामुळे भल्या पहाटे निघावे लागते. फवारणीच्या दिवशी दोन घागरी पाणी शेतात नेणे कुणाला जड वाटत असेल, तर त्याने फवारणी दुसऱ्या दिवशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चष्मा घालायला सांगितले तर घामाने धूसर होतो म्हणून माणसे काढून ठेवतात. हे धूसर होणे कसे टाळावे, ते कुणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

टाकळीची_सून

आमचे भाऊजी चष्म्याच्या काचेला आतून साबणाची वडी कोरडी घासून कपड्याने पुसून घेतात, त्याने वाफ कमी धरते असे ते म्हणतात. मात्र साबण डोळ्यात जाणार नाही इतका नीट पुसावा.

धारूरघाट

आमच्या वस्तीतील निम्मी घरे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, आणि मी त्यांच्या मुलांची वसतिशाळा पाहते. मांजराकाठ ताईंनी लिहिलेली पात्याची जखम आमच्याकडे फार घडते, फरक इतकाच की फडात जखम झाली तर उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि कोयता थांबवता येत नाही. एका तरुण मजूर स्त्रीला पश्चिम महाराष्ट्रातील फडावर अशी जखम झाली. तिथे उपचार सुरू झाले, मग टोळी दुसऱ्या कारखान्यावर हलली, पुढच्या डॉक्टरांना आधी कोणते औषध दिले ते समजेना आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, ना वीज ना घड्याळ, तासातासाला थेंब टाकणार कोण? नवरा गाडी भरायला गेलेला असायचा. गावी परतेपर्यंत बुबुळ पांढरे पडले होते.

तिला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवले. बुबुळ प्रत्यारोपण हा पर्याय त्यांनी समजावून सांगितला आहे. त्यासाठी कुणीतरी मरणोत्तर नेत्रदान करावे लागते आणि मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत बुबुळ काढून घ्यावे लागते. आमच्या भागात एवढ्या वेळात नेत्रपेढीला कळवणारे घर विरळाच. दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, तेव्हा मी कीर्तनाच्या आधी पाच मिनिटे मागून घेते आणि यावर बोलते. महाराज मंडळींनी आजवर कधी नाही म्हटलेले नाही.

आता टोळ्या निघताना मी प्रत्येक घराला प्लास्टिकची एक पिशवी देते. आधीची चिठ्ठी, रिकामी झालेली बाटली, रक्ताचे कागद, सगळे तिच्यात ठेवायचे आणि ती पिशवी पिठाच्या डब्यात राहील. डबा कुठेही गेला तरी बरोबर असतो.

नवीन_वाचक

थेंब स्वतःच्या स्वतः टाकता येत नाहीत, अर्धे गालावर जातात. घरी मी एकटीच आहे, मुलगा पुण्यास असतो. कुणी पद्धत सांगेल का?

शिवणयंत्र

मावशी, हात धुऊन पलंगावर आडवे व्हा. खालची पापणी एका बोटाने खाली ओढली की खळगा तयार होतो, त्यात एकच थेंब पडू द्या. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नका. नंतर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून ठेवा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसरे औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्या. थेंब पडला की नाही हे कळत नसेल, तर गुरुजींसारखी बाटली माठाजवळच्या गारव्यात ठेवा, थंड थेंब लगेच जाणवतो.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या बाईंना मी त्याच दिवशी गाडीवर बसवून तपासणीला नेले. ओरखडा वरवरचा निघाला, बुरशी नाही, आणि दुकानातील बाटली डॉक्टरांनी ठेवून घेतली. आपल्या लातूर जिल्ह्यातील माकेगावच्या तात्याराव लहाने यांनी खेडोपाडी शिबिरे घेऊन मोतीबिंदूची भीती बरीच घालवली. बुबुळाच्या जखमेबद्दल तशी जाग अजून आपल्याकडे आलेली नाही, असे मला वाटते.

धारूरघाट ताई, तुमच्या त्या लेकीसाठी नेत्रपेढीच्या यादीत नाव लागले आहे का, आणि येत्या हंगामात ती फडावर जाणार आहे का? ती गावी राहणार असेल तर थेंबांच्या पाळीसाठी आणि घरातील पाण्यासाठी आमच्या बचत गटातील बाया काही करू शकतील. आम्ही दोन तालुके पलीकडे आहोत, पण एसटी आहे.

धारूरघाट

नाव लागले आहे. यंदा ती जाणार नाही, सासूने उचल घेऊ दिली नाही. सध्या तिला धान्य निवडणे जमत नाही आणि चुलीचा धूर सोसत नाही, तेवढे दोन प्रश्न आहेत. गॅसची टाकी पुन्हा भरून घेण्यापुरते पैसे घरात नाहीत. तुम्ही आलात तर शनिवारी या, त्या दिवशी मी वस्तीवरच असते.