पाळी लांबली तेव्हा तुमच्याकडं काय झालं? (अनुभव धागा)

लातूरची_लेक
काल भाचीचा फोन. नीटच्या क्लाससाठी हॉस्टेलवर असते. दबक्या आवाजात म्हणे, "मावशी, दीड महिना झाला, आलीच नाही." मला माझं बी.एड.चं वर्ष आठवलं. परीक्षा, मेसचं पाणचट वरण, जागरणं आणि पाळी गायब. वॉर्डनबाई तर आमच्याकडं अशा बघायच्या जणू आम्हीच काही करून आलोय! ताणानं, वजन उतरल्यानं बीज उशिरा सुटतं, मग पाळीही पुढं सरकते, हे तेव्हा कोण सांगणार. तुम्ही पण लिहा. मोकळं लिहा, इथं कुणाची सासू नाही.

जोंधळ्याची_भाकर
मी आहे की सासू 😄 लिहू का जाऊ?

लातूरची_लेक
अगं माय! लिहा लिहा 🙏

जोंधळ्याची_भाकर
सत्तेचाळिशीत सुरू झालं माझं. दोन-दोन महिने पत्ता नाही, मग एकदम धो धो. शेजारीण म्हणली, पिशवी काढून टाक, कटकट मिटंल. आमच्या बीडात ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या कशा निघाल्या ते २०१९ ला पेपरात आलंच होतं, समिती नेमावी लागली सरकारला. कोयत्यावर जाणारीला खाडा परवडत नाही, तिची अडचण समजते. पण मला काय घाई? सोनोग्राफी केली, गोळ्या घेतल्या. आता बंदच झाली, सुटले. चपाती करपू लागली, येते.

परभणीकर_अनु
थायरॉईड!!! केस गळू लागले, अंग जड, घरचे म्हणायचे आळशी झालीस. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलं तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद. सकाळी उपाशीपोटी गोळी, काही महिन्यांत पाळी लायनीवर.

हनुवटीवाली
पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते न् तोंडावर केस येतात. नावातच कळलं असंल 🙄 लग्न कर, सगळं ठीक होतं म्हणाले. लग्न झालं, केस तिथंच.

गंगाखेडची_सून
बाळ अंगावर पितंय तोवर काही होत नसतं म्हणे. पाळी आलीच नव्हती, मी निवांत. थोरल्यात न् धाकटीत सव्वा वर्ष.

परभणीकर_अनु
😂😂 पाळीच्या आधी बीज सुटतं ना बाई

नवी_नवरी
महालक्ष्म्यांसाठी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या होत्या. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत येते म्हणे. आठवडा झाला. आई म्हणते पपई खा.

हनुवटीवाली
पपईनं पोट साफ होईल, बाकी काही नाही.

आशा_वर्कर_जालना
पपई राहू द्या. मेडिकलवरून प्रेग्नन्सी टेस्टचं कार्ड आणा, सकाळची पहिली लघवी.

नवी_नवरी
पण हे तर पुण्याला असतात

आशा_वर्कर_जालना
गणपतीला आले नव्हते का?

नवी_नवरी
🙈

जोंधळ्याची_भाकर
पेढे तयार ठेवा ग

आशा_वर्कर_जालना
लातूरताई, २१ ते ३५ दिवस नेहमीचं. वयात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ४५ पर्यंतही जातं. पोरीला नीट जेवू द्या. तीन महिने नाहीच आली तर दवाखान्यात न्या, आणि तिला आत एकटीला डॉक्टरीणबाईंशी बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

गंगाखेडची_सून
विषय सोडून विचारते, फुलोऱ्याच्या करंज्या मऊ पडल्यात. परत तळल्या तर चालतील का?

जोंधळ्याची_भाकर
तळू नको, तेल पितील. तव्यावर मंद आचेवर ठेव.