हायस्कूलात गेल्यावर शाळा नकोशी का होते? तुमचे अनुभव लिहा

पाटीपेन्सिल

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. घरात, शेजारी, गावाकडे सगळीकडे एकच चित्र. चौथीपर्यंत पोर अंगात ताप असला तरी शाळेत जायचंच म्हणून रडतं, आणि तेच पोर आठवी-नववीत सोमवार आला की पोट दुखतंय म्हणतं. वयात येणं, मोबाइल, वाढलेला अभ्यास ही उत्तरं ऐकून झालीत, पण मला वाटतं शाळेच्या आतच काहीतरी बदलतं. मी साताऱ्याकडची. तिकडे कुमठे बीटातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) झेडपी शाळा ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे पोरांनी स्वतः हाताळून-करून शिकण्यासाठी गाजल्या, लांबलांबून शिक्षक बघायला यायचे. फरशीवर रंगवलेले आकडे, गोल करून बसलेली पोरं, चिंचोके-काड्या-खडे घेऊन गणित. पुढे आमच्या गावच्या शाळेतही तसंच सुरू झालं, भाचा तिथेच शिकला. पाचवीला हायस्कूलात गेला तर बाक, फळा आणि पुढच्याची मान. "सर, इथं खडे नाही का देत?" असं पहिल्याच आठवड्यात विचारलं तर अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून तो काही विचारत नाही.

तर लिहा. नुसत्या रम्य आठवणी नकोत, नेमकं काय बदललं ते लिहा. उलटा अनुभव असेल तर तोही हवाच.

लाल डबा

आमची वाडीची शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. गुरुजींना माझं नाव, बापाचं नाव, आमची म्हैस कधी व्याली सगळं ठाऊक. पाचवीला तालुक्याला आलो, तुकडी क, हजेरी नंबर ५४. सर म्हणायचे चोपन्न, मी म्हणायचो हजर, वर्षभर आमचं बोलणं एवढंच.

पण माझ्यापुरतं खरं कारण सांगू का, एसटी. परतीची गाडी पाचला आणि शाळा सुटायची सव्वापाचला, ती गाडी चुकली की मग थेट मुक्कामाची, म्हणून आम्ही वाड्यावस्त्यांवरची पोरं परवानगी काढून शेवटचा तास सोडायचो. आणि शेवटचे तास कुठले? पीटी, चित्रकला, वाचनालय. म्हणजे गणित-इंग्रजी पूर्ण आमच्या वाट्याला आणि मजा तेवढी गावात राहणाऱ्यांच्या. गॅदरिंगला तर नावच द्यायचं नाही, प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर. पुढे मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास आला, काही तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या गाड्या आल्या, धाकटी बहीण त्यातूनच गेली. तिचाही शेवटचा तास बुडायचाच.

भूमितीचा वैरी

चौथीचा परिसर अभ्यास आठवतो का? मटकी भिजत घालून मोड किती आले ते मोजायचे, कुंभाराच्या चाकावर हात लावून बघायचा, सगळ्या वर्गाने पोस्टात जाऊन स्वतःच्याच घरी कार्ड टाकायचं आणि मग ते येईपर्यंत रोज पोस्टमनच्या मागे लागायचं.

नववीला गेलो तर 'प्रयोगशाळा' अशी पाटी असलेली अख्खी खोली! आणि तिला कुलूप. आत कपाटात बीकर, बरणीतला साप, कोपऱ्यात सांगाडा. प्रकाशाच्या अपवर्तनाचा प्रयोग, काचेचा ठोकळा आणि चार टाचण्या, सरांनी एकदाच टेबलावर करून दाखवला, तो पुढच्या दोन रांगांना दिसला. आम्ही मागचे, आम्ही आदल्या वर्षीच्या पोराची जर्नल आणून उतरवली, कोनांची मापंसुद्धा त्याचीच. सरांनाही माहीत, सही झाली, संपलं. परवा लेकीबरोबर घरी तोच प्रयोग केला. ठोकळ्यातून बघत टाचण्या सरकवत सरकवत अचानक चारही एका रेषेत येतात हो! एवढी साधी गोष्ट, पण आम्ही दोघं ओरडलोच. गंमत बघा, सामान तेव्हाही शाळेत होतंच, फुटेल म्हणून कुलपात.

उलटी गंगा

सॉरी, पण मला हे प्राथमिकचं कौतुक पटत नाही. एकच बाई, दिवसभर, सगळे विषय, चार वर्षं. बाई चांगल्या असल्या तर स्वर्ग. आमच्या नव्हत्या. मी डावखुरा, रोज पट्टीची कड बोटांच्या पेरांवर, आणि सुटका कुठे? दुसऱ्या तासाला दुसरं कुणी येणारच नाही. हायस्कूलात आठ शिक्षक, त्यातले दोन मारकुटे, तीन नुसतं पुस्तक वाचून दाखवणारे, पण उरलेल्या तिघांवर मी तरलो. हिंदीच्या मॅडमनी वाचनालयाच्या कपाटाची चावीच माझ्याकडे दिली होती. आरएसपीत, म्हणजे शाळेच्या रोड सेफ्टी पेट्रोलमध्ये होतो, शिट्टी घालून चौकात उभा राहायचो तेव्हा ट्रकवाले थांबायचे, चौथीत मला कुणी पाणी प्यायला सोडत नव्हतं.

खडू डस्टर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, कुलूपवाल्यांच्यातलाच समजा. दोन्ही बाजू ऐका.

आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५, आणि कायदा आठवीलाच संपतो. नववी-दहावीला आमच्याकडे एकेका तुकडीत ६५-७० असतात. प्राथमिकचे गुरुजी तीस पोरं घेऊन दिवसभर बसतात, कुणाचा चेहरा उतरलाय ते त्यांना प्रार्थनेलाच कळतं. मी पाच तुकड्या घेतो, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत आणि पाच शांत बसवण्यात. पोरगं रडवेलं असेल तर मला दिसायच्या आत घंटा होते. डीएडला मूल कसं सांभाळायचं ते शिकवतात, आम्ही बीएडला विषय कसा शिकवायचा ते शिकून आलो. प्रिलिम जानेवारीत, म्हणून पोर्शन डिसेंबरात संपवायचा, मधे निवडणुकीची ड्युटी लागली तर ते दिवस कोण भरून देणार. तीस ठोकळे असते तर मीही प्रत्येकाच्या हातात दिला असता, आमच्याकडे आहेत चार.

आणखी एक, पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. आठवीच्या पोरांच्या ताटात खिचडी पडत असते आणि नववीतली, त्यांच्याहून जास्त भूक लागणारी, डबा न आणलेली पोरं नळापाशी घुटमळतात. दोनच्या पुढचा तास त्यांना कंटाळवाणा वाटतो यात माझ्या शिकवण्याचा भाग किती आणि रिकाम्या पोटाचा किती, सांगा. शिवाय आठवीपर्यंत ढकलत आणलेल्या पोराला काही शाळा नववीत नेमकं गाळतात, का तर दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे.

साता समुद्रापार

कॅलिफोर्नियातून. हे फक्त आपल्याकडेच नाही. इथेही एलिमेंटरीत एकच टीचर, एकच वर्ग, भिंतीवर सगळ्यांची चित्रं. मिडल स्कूल लागलं की लॉकर, दर तासाला वेगळी खोली, मुलगा पहिले काही महिने नुसता पळत होता. गॅलप या सर्वेक्षण कंपनीने २०१२ साली इथल्या शाळांतल्या जवळपास ५ लाख मुलांना विचारलं होतं, एलिमेंटरीत १० पैकी ८ जण शाळेत रमलेले, मिडलला ६, हायस्कूलला ४. पायरीपायरीने उतरतच जातं.

इथे एक गोष्ट बरी झाली. किशोरवयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर झोप येतच नाही, म्हणून २०२२ पासून बहुतेक हायस्कूलं साडेआठच्या आत भरवायची नाहीत असा कायदा आहे. आमचा पोरगा आता निदान पहिल्या तासाला जागा असतो.

झोपमोड

@साता समुद्रापार, आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने काढलं ना, शाळा नऊच्या आधी भरवू नका. पण कुणासाठी? चौथीपर्यंत! जी पोरं कोंबड्याबरोबर उठून घर डोक्यावर घेतात त्यांना नऊ, आणि ज्यांना उठवायला पाणी मारावं लागतं त्यांना सकाळचं अधिवेशन सात दहाला. आमच्या घरात एक चौथीतला, एक नववीतली. सकाळचा तमाशा काय वर्णावा, धाकटा मोठीच्या अंगावर उड्या मारून तिला उठवतो.

ओढणी

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. चौथीत आम्ही मुलं-मुली एकत्र लंगडी, खो-खो, कबड्डी खेळायचो, मी चांगली चढाई करायचे. आठवीत स्कर्ट जाऊन पंजाबी ड्रेस आणि पिनांनी अडकवलेली ओढणी आली, मैदान आपोआप मुलांचं झालं. कुणी मनाई केली नाही हां, नुसतं "आता मोठ्या झालात ना". पीटीच्या तासाला आम्ही जिन्यात बसून हिंदीची वही पूर्ण करायचो. स्वच्छतागृहाचं तर बोलूच नका, पाणीच नसायचं, म्हणून सकाळपासून पाणी प्यायचो नाही. महिन्यातले ते दिवस आले की सरळ घरी. शाळा आवडत नव्हती असं नाही, शाळेत दिवसभर बसणंच अवघड होतं. सरकारी सायकल मिळाली तो दिवस मात्र अजून आठवतो, घंटी वाजवत वाजवत गेलो होतो आम्ही सगळ्या.

दहावी ब

मी आत्ता दहावीत आहे, दादाच्या अकाउंटवरून लिहितोय. तुम्ही सगळे जुन्या गोष्टी लिहिताय, आमचा प्रॉब्लेम वेगळाय. क्लास. नववीची परीक्षा संपली की लगेच व्हेकेशन बॅच, त्यामुळे जूनमध्ये शाळेत जो धडा घेतात तो आमचा मे मध्ये झालेला असतो. सर फळ्यावर उदाहरण लिहायला लागले की अर्धा वर्ग उत्तर सांगतो, मग सर पण म्हणतात चला तुमचं झालंय ना मग पुढे. आणि जे क्लासला जात नाहीत, आमच्यात सातआठ जण आहेत, त्यांना ते उदाहरण कुणीच समजावून सांगत नाही. आम्हाला बोअर होतं कारण झालेलं असतं आणि त्यांना बोअर होतं कारण कळलेलं नसतं. पाचवीत असं नव्हतं, तेव्हा सगळ्यांना एकदमच नवीन असायचं.

भूमितीचा वैरी

@दहावी ब, बरोब्बर बोललास राजा. तुमच्याकडे प्रयोग तरी स्वतः करू देतात का? आणि खडू सर, ते विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे २० मार्क हल्ली कसे देतात?

खडू डस्टर

देतात. पोराचं नुकसान व्हायला नको म्हणून १८ च्या खाली सहसा कुणी येत नाही. जे मन लावून करतं त्यालाही १९ आणि ज्याने कपाट उघडलेलं पाहिलं नाही त्यालाही १८. यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो.

दहावी ब

आमच्याकडे पण सगळ्यांना १८ च्या वरच. प्रयोग एक केला, लिटमसचा, तो मस्त होता. जर्नल मी पाचशे रुपयांत लिहून देतो, अक्षर चांगलंय माझं. चला, सहाची बॅच आहे.