हडप्पा संस्कृतीच्या मुद्रा: मूळ वस्तू काचेआड बघायची की प्रतिकृती हातात घ्यायची?

मृत्तिका (धागाकर्ती):
थेट मुद्द्यावर येते. सिंधू खोऱ्यातल्या मुद्रा आपली संग्रहालयं ज्या पद्धतीने मांडतात, त्यातून बघणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातली पशुपती मुद्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. बहुतेक चौकोनी मुद्रा त्याहून लहान, अडीच-तीन सेंटिमीटरच्या. कोरीवकाम खोलगट आणि उलटं, दगड पांढुरका, उजेड डोक्यावरून सरळ खाली. अशा उजेडात खोलगट रेषेला सावलीच पडत नाही. मागे उभे असलेले चाळीस जण ढकलत असतात ते वेगळंच.

शिवाय मुद्रा ही निम्मी वस्तू आहे. ती ओल्या मातीवर उमटवण्यासाठी केलेली. मुद्रेवर एकशृंगी पशू सहसा डावीकडे तोंड करून असतो, ठशात तो उजवीकडे बघतो. लिपी उजवीकडून डावीकडे जाते हेही ठशातच कळतं: जागा संपत आली की डाव्या टोकाची चिन्हं दाटीने बसवलेली दिसतात. नुसती मुद्रा बघणारा हे सगळं आरशातल्यासारखं उलटं बघून घरी जातो.

म्हणून माझं मत: दालनात पुढे चांगल्या प्रतिकृती आणि ठसे, हात लावायची मुभा. मूळ मुद्रा अभ्यासकांसाठी मागच्या खणांत.

खडा_सवाल:
साफ असहमत. तक्रार उजेडाची आणि शिक्षा मूळ वस्तूला? दगड उजेडाने खराब होत नाही. ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा कापड, कागद, जलरंगातली चित्रं यांच्यासाठी असते. मुद्रेवर एका बाजूने, पृष्ठभागाशी १५-२० अंशांचा कोन करून झोत सोडा, शेजारी भिंगाची पट्टी लावा. काम झालं. त्यासाठी मूळ वस्तू खणात कोंडायची गरज नाही.

आता प्रतिकृतीत काय हरवतं ते बघा. मुद्रा स्टिएटाइटच्या, म्हणजे शंखजिऱ्याच्या. कच्चा दगड नखाने ओरखडतो. कोरून झाल्यावर अल्कलीचा लेप देऊन तो भट्टीत भाजत, मग पृष्ठभाग पांढरा आणि टणक होई. तो पांढरा थर कुठे टिकलाय, कुठे उडालाय, कडा वापरून किती गुळगुळीत झाल्यात, हे रेझिनच्या साच्यात येत नाही. रेझिन सगळ्याला एकच चकाकी देतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाठ! चौकोनी मुद्रेच्या मागे भोक पाडलेला फुगीर उंचवटा असतो, दोरी ओवायला. तो तुटायचा. पुढच्या काळात आलेल्या लांबट, प्राणी नसलेल्या मुद्रांना असा उंचवटा नाही. पाठ बहिर्वक्र आणि भोक मुद्रेच्या जाडीतूनच आरपार. रचना का बदलली असेल याचं उत्तर पाठीवर आहे, आणि आपण पाठ फळीला चिकटवून ठेवतो. खाली एक आरसा लावायला किती खर्च येतो?

उलटा_ठसा:
शाळांच्या सहली नेणाऱ्यांसाठी मधेच थोडं कामाचं. भांडण नंतर चालू द्या.

रेझिनची मुद्रा आणि शाडूची माती घ्या. माती पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी. एक सेंटिमीटर जाडीची, पाच सेंटिमीटर रुंदीची चकती थापा. मुद्रेवर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा, सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. बिघडतं ते तीन ठिकाणी. माती ओली असली तर चिन्हांच्या बारीक खाचांत अडकून राहते आणि पुढचे सगळे ठसे बुजतात. कोरडी असली तर कडा तडकतात, आणि लिपी नेमकी वरच्या कडेलाच असते. मुलं मुद्रा डुलवतात, मग पशूला दोन पाठी येतात.

चकती थापताना खाली गोणपाटाचा तुकडा आणि सुतळीची गाठ ठेवा. दोन्ही बाजू उमटतात. लोथलच्या वखारीत साठेक मातीचे ठसे सापडले, त्यांच्या मागे असेच विणीचे, बोरूचे आणि दोऱ्यांचे वळ आहेत. वखार जळाली म्हणून माती भाजली गेली आणि ठसे टिकले. मुद्रा मालाच्या गठ्ठ्यांवर मारत, हे मुलांना मग सांगावं लागत नाही.

मृत्तिका:
@खडा_सवाल, आरसा आणि तिरपा झोत मान्य. पण उलटा_ठसा यांनी सांगितलेलं काम मूळ मुद्रेवर कोणी करू देईल का? मग जे शिकायचं ते प्रतिकृतीतूनच शिकलो ना? मेसोपोटेमियाच्या दंडगोल मुद्रांजवळ मातीवर फिरवून काढलेली आधुनिक पट्टी ठेवण्याचा रिवाज जगभर आहे. पॅरिसच्या लूव्रमध्ये शू-इलिशू नावाच्या माणसाची अक्कडकालीन मुद्रा आहे, त्यावर तो मेलुह्हाच्या भाषेचा दुभाष्या असल्याचं कोरलंय. मेलुह्हा म्हणजे बहुतेकांच्या मते आपलं सिंधू खोरं. त्या दगडी नळीकडे नुसतं बघून कोणाला काय कळणार? चित्र पट्टीवरच उलगडतं.

आणि 'मूळ'चं इतकं सोवळं कशाला? ब्रिटिश म्युझियममधलं मेसोपोटेमियातल्या उर शहराचं प्रसिद्ध 'स्टँडर्ड' घ्या, म्हणजे शिंपले आणि लाजवर्द (निळा दगड) जडवलेली लाकडी पेटी. लाकूड कुजून गेलेलं. उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वूलीने शिंपले आणि लाजवर्दचे तुकडे मेण ओतून जागच्या जागी धरले. आज दिसणारी पेटी ही नंतरची जुळणी आहे. ती पेटी मुळात काय होती, हेसुद्धा नक्की नाही.

प्रवराकाठ:
मुद्रांपुरतं मृत्तिका यांचं ठीक. हेच सूत्र सगळ्या वस्तूंना लावलं की घोटाळा होतो.

वजनं घ्या. चर्ट या गारगोटीसारख्या कठीण दगडाचे घनाकृती तुकडे, पहिल्या टप्प्यात प्रत्येक पुढचं आधीच्याच्या दुप्पट, सर्वांत जास्त सापडणारं सुमारे १३.७ ग्रॅमचं. त्याची कड पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. त्याच मापाचा रेझिनचा घन करा, तो सहा ग्रॅम भरेल. म्हणजे ज्या गुणासाठी वस्तू घडवली तोच गुण खोटा. मुलांच्या हातात वजनं द्यायची तर दगडाचीच कापून, घासून, तराजूवर जुळवून द्या.

आता दायमाबाद. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना एका शेतकऱ्याला सापडलेल्या चार धातुमूर्ती: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन ६० किलोंच्या वर, कारण त्या भरीव ओतल्यात. रथ ४५ सेंटिमीटर लांब. म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर-हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक असल्याकडे बोट दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतात असं म्हटलं. हा वाद फायबरच्या हत्तीवर कसा सुटणार? उद्या नवी तपासणी पद्धत आली तर नमुना मूळ धातूचाच लागेल.

खडा_सवाल:
@प्रवराकाठ +१. मूळ वस्तू पुढच्या प्रश्नांसाठी असते. प्रतिकृतीत फक्त आजवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असतात.

@मृत्तिका, आणि आकाराचं काय? मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तिका मूर्ती १०.५ सेंटिमीटर आहे, तळहातावर मावेल एवढी. पुस्तकांतल्या पानभर फोटोंमुळे लोकांना ती हातभर वाटते. २०२३ मध्ये दिल्लीच्या संग्रहालय प्रदर्शनासाठी तिच्यावरून माणसाएवढा, अंगभर कपड्यांतला शुभंकर केला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला. प्रतिकृतींचं राज्य आलं की तिथवर जातं.

अर्धा_हार:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची 'पुरोहित-राजा' मूर्ती म्हणून सहसा जे बघायला मिळतं ती प्रतिकृती असते, मूळ मूर्ती तिजोरीत. नर्तिका दिल्लीत. फाळणीनंतर मोहेंजोदडोच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा दागिनेसुद्धा सोडवून मणी निम्मे-निम्मे झाले. म्हणजे अखंड हार बघायचा तर आज दोन्ही देशांत प्रतिकृतीच लागेल. माझं मृत्तिका यांना मत, पण एका अटीवर: पाटीवर 'प्रतिकृती' हे मोठ्या अक्षरांत, आणि मूळ कुठे आहे तेही. आपल्याकडे ही पाटी एकतर नसते किंवा गुडघ्याच्या उंचीवर असते.

मृत्तिका:
पाटीची अट मंजूर. वजनांचा मुद्दाही मंजूर, ती दगडाचीच हवीत. आर्सेनिकचा नाही. आर्सेनिक तपासणारा अभ्यासक खणातली वस्तू मागवून घेऊ शकतो, त्यासाठी ती दालनात असावी लागत नाही. मी मूळ वस्तू वितळवा म्हटलेलं नाही!

प्रवराकाठ:
खणात गेलेली वस्तू कोणी मागवतच नाही, ही अडचण आहे. धातूच्या बाबतीत तर ते धोक्याचं. ब्राँझमध्ये क्लोराइड शिल्लक असलं आणि हवेत दमटपणा असला की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. हवा ३५-४० टक्के आर्द्रतेच्या खाली ठेवावी लागते, मुंबईच्या पावसाळ्यात तर यंत्राशिवाय अशक्य. दालनातल्या पेटीवर रोज कोणाची तरी नजर जाते. खण उघडायला वर्ष लागलं तर ती भुकटी तोवर तपशील खाऊन मोकळी.

उलटा_ठसा:
मुद्रांना तो रोग नाही, त्यामुळे खणाला माझी हरकत नाही. पण खणात टाकण्याआधी प्रत्येकीचे कॅमेरा स्थिर ठेवून, उजेड वेगवेगळ्या कोनांतून फिरवत ४०-६० फोटो काढा. संगणकावर ते जोडले की बघणारा पडद्यावर स्वतः झोत फिरवू शकतो. या पद्धतीला आरटीआय म्हणतात, माहिती अधिकाराशी संबंध नाही. फक्त मुद्रेशेजारी एक चकचकीत काळा गोळा ठेवायला विसरू नका. उजेडाची दिशा संगणक त्यावरच्या चमकेवरून काढतो, आणि गोळा फोटोच्या चौकटीबाहेर राहिला तर सगळे फोटो पुन्हा काढावे लागतात.

खडा_सवाल:
पाठीचेही काढा.