सिव्हिल थ्रीडीमध्ये तिरकी बॉक्स मोरी कशी दाखवायची?

हायवे_नवखा
नमस्कार मंडळी, मराठवाड्यात एका राज्य मार्गाच्या रुंदीकरणाचं डिझाइन सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे, फॉर्मेशन (रस्त्याची माथ्यावरची एकूण रुंदी) १२ मीटर. एका ओढ्यावरची जुनी नळमोरी काढून तिथे डबल सेल बॉक्स कल्व्हर्ट (दोन गाळ्यांची काँक्रीटची चौकोनी मोरी) टाकायचाय, सेल ३ बाय ३ मीटर, भिंती-स्लॅब सगळं ३०० मिमी, वर दीड मीटर कुशन (बॉक्सवरचा भराव). ओढा तिरका येतो, ३० अंशाचा स्क्यू. पाइप नेटवर्कमधून आयताकृती पाइप टाकून बघितला, प्लॅनमध्ये ठीक दिसतो पण २० मीटरवरच्या क्रॉस सेक्शनमध्ये बॉक्सचा नुसता तुकडा येतो, आणि तळपातळी दिली की सॉफ्टवेअरचे रूल्स लागून तो स्वतःच खाली सरकतो. विंग वॉल (टोकाला बाजूला पसरणारी भिंत) कुठे शोधायची तेही कळेना. वरून साहेब म्हणतात काँक्रीट पण मॉडेलमधूनच काढ. कसं करता तुम्ही लोक?

चेनेजमास्तर
भाऊ, रस्त्याच्या सेक्शनमध्ये तिरकी मोरी नीट दिसणारच नाही, सॅम्पल लाइन (सेक्शन कापायची रेषा) तिला तिरकी कापते ना. मोरीच्या मध्यरेषेवर एक छोटी वेगळी अलाइनमेंट टाक, तिच्यावर ओजीएल (मूळ जमीन) आणि कॉरिडॉर टॉप (रस्त्याच्या मॉडेलचा माथा) असे दोन सरफेस प्रोफाइल घे, आणि त्या प्रोफाइल व्ह्यूमध्ये पाइप दाखव. तिथे कुशन किती, भराव बॉक्सच्या माथ्याला कुठे टेकतो, तळाचा उतार किती, सगळं एका चित्रात येतं. लांबी हातानेही तपास: १२ मीटर रस्ता, दीड मीटर कुशन, २:१ उतार (आडवे २, उभा १) म्हणजे दोन्हीकडे ३-३, झाले १८, आणि ३० अंशाला भागिले कॉस म्हणजे २०.८ मीटर. बरेच जण १८ च लिहितात आणि मग साइटवर पॅरापेट भरावात गाडला जातो.
खाली सरकायचं कारण रूल्समधलं मिनिमम कव्हर (पाइपवर किमान किती माती हवी), बॉक्ससाठी रिकामा रूल सेट वेगळा बनव. टोकांना नल स्ट्रक्चर (नावापुरतं, खरं चेंबर नाही). साइझ नसेल तर पार्ट बिल्डरमध्ये (पाइपच्या कॅटलॉगमध्ये भाग बनवायचं टूल) वाढव आणि पार्टकॅटलॉगरीजेन कमांड दे, पण ऑफिसात कॅटलॉग सगळ्यांचा एकाच शेअर्ड ड्राइव्हवर पाहिजे, नाहीतर शेजारच्या मशीनवर तुझी साइझ दिसायची नाही.

ओढा_आणि_नाला
मास्तरांचं बरोबर पण पाइपची टोकं काटकोनातच कापली जातात हे विसरू नका, हेडवॉल (टोकाची भिंत) रस्त्याला समांतर हवी असेल तर टोक ३० अंशात कापावं लागणार. सबअसेंब्ली (कॉरिडॉरच्या छेदाचा तयार भाग) बनवून मोरीचा कॉरिडॉर केला तरी तीच बोंब. मी सरळ थ्रीडी सॉलिड काढतो, स्लाइस करतो, विंग वॉल आणि एप्रन (तोंडापुढची फरशी) पण सॉलिडच. लेव्हल बदलली की हाताने हलवावं लागतं हे मान्य, म्हणून तळपातळी फायनल झाल्याशिवाय सॉलिडच्या नादाला लागू नये.

चेनेजमास्तर
फायनल? आपल्याकडे? 😀 म्हणून तर आधी पाइपवर ठेवायचं. काँक्रीट मात्र पाइपमधून अजिबात काढू नको. डबल सेल म्हणजे दोन पाइप शेजारी, ३.३ मीटर अंतरावर ठेवले की मधली भिंत दोघांची एकमेकांत घुसते आणि व्हॉल्यूममध्ये दोनदा मोजली जाते. हॉन्च (आतल्या कोपऱ्यांतले तिरके जाड भाग) तर त्यात नसतातच. काँक्रीट आणि स्टील स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून, साहेबांना तसंच सांग.

जुना_पीडब्ल्यूडीवाला
सॉफ्टवेअरचं तुम्ही बघा, पण याला मोरी कोण म्हणालं? ३ + ०.३ + ३ म्हणजे टोकाच्या व्हेंटच्या (पाणी जायच्या गाळ्याच्या) टोकाच्या कडांमधलं अंतर ६.३ मीटर. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) व्याख्येत कल्व्हर्ट ६ मीटरपर्यंत, त्यापुढे ६० पर्यंत लहान पूल. म्हणजे शेड्यूलमध्ये (बांधकामांच्या यादीत) रकाना बदलला. आणि स्क्यूमुळे रस्त्यावरची लांबी जास्त दिसते ती धरायची नाही, माप काटकोनातलं.

हायवे_नवखा
सर हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, शेड्यूलमध्ये मोऱ्यांच्याच यादीत आहे. २.५ चे दोन सेल केले तर ५.३ होतात, चालेल का?

जुना_पीडब्ल्यूडीवाला
व्याख्येत बसवायला व्हेंट कमी करायचा नसतो बाबा. आधी पाणलोट काढा, डिस्चार्ज काढा, एचएफएल (पुराची सर्वात उंच पातळी) गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मग आयआरसीच्या एसपी १३ पुस्तिकेप्रमाणे व्हेंट बघा. एचवाय-८ हे मोरीच्या पाण्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात टाकून अफ्लक्स (वरच्या अंगाला पाणी किती फुगतं) तपासा, आणि खालच्या अंगाला बंधारा असेल तर टेलवॉटर (खालच्या अंगाची पाणीपातळी) टाकायला विसरू नका. ३ बाय ३ च लागत असतील तर लहान पूल म्हणून दाखवा, काही बिघडत नाही.

ओढा_आणि_नाला
आणखी एक, मातीकामात. कॉरिडॉरला बॉक्स आहे हे माहीतच नसतं, तो भराव सलग मोजतो. ६.९ रुंदी, २०.८ लांबी, तळापासून बॉक्सच्या माथ्यापर्यंत ३.३, म्हणजे पावणेपाचशे घनमीटरच्या आसपास भरावातून वजा करावे लागतील. भिंतीमागचा फिल्टर मीडिया (पाणी झिरपायचा दगडी थर) वेगळा आयटम, तोही त्यातूनच वजा. काळ्या मातीत पायाखालचं खोदकामही खोल जातं, त्यासाठी खोदकामाचा एक छोटा ग्रेडिंग सरफेस करून ओजीएलशी व्हॉल्यूम काढ.