मदत हवी आहे: मासळी बंद असताना बोक्याचा घरचा आहार कसा बसवावा?

आम्ही दापोली तालुक्यात हर्णैजवळ राहतो. आमच्या घरी साडेतीन वर्षांचा, खच्चीकरण झालेला बोका आहे. नाव सोन्या, वजन ४ किलो. बंदरावरून मासळी आली की सासूबाई विळी मांडून बसतात आणि तो त्यांच्या गुडघ्याला टेकून बांगड्याच्या मुंडक्याची वाट पाहतो. सकाळी कच्ची मुंडकी आणि संध्याकाळी भातात कुस्करलेली तारली हेच आजवर त्याचे जेवण होते, कारण कोकणातले मांजर मासळीवरच वाढते अशी आमची पक्की समजूत होती.

मे महिन्यात तो मान छातीकडे झुकवून चालू लागला. दोन पावले टाकली की झोकांडी जाई आणि भर उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहत. पशुवैद्यकांनी बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली आणि दोन-तीन दिवसांत तो सावरला. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिनेज नावाचे विकर असते, ते हे जीवनसत्त्व नष्ट करते आणि मासा शिजवला की ते विकर निकामी होते, असे त्यांनी समजावून सांगितले. नुसत्या तेलकट मासळीने ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला दुखरी सूज येऊ शकते, हेही तेव्हाच कळले. इतकी वर्षे आपणच प्रेमाने त्याला हे खाऊ घातले, याचे फार वाईट वाटते.

त्या दिवसापासून कच्चे मासे बंद केले आहेत. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असल्यामुळे मी त्याला कोंबडी उकडून देते. पहिल्या दिवशी त्याने वाटी हुंगली आणि शेजारची फरशी पंज्याने अशी खरवडली की जणू ते अन्न मातीखाली पुरायचे आहे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतावर चरबी साचण्याचा धोका असतो, म्हणून मी हट्ट न करता उकडलेल्या बांगड्याचा उरलेला तुकडा त्यात कालवला. तेव्हा कुठे तो जेवला. आता रोज कोंबडीचे प्रमाण थोडे थोडे वाढवते आहे.

माझी मुख्य अडचण टॉरिन या पोषक घटकाची आहे. मांजराच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही, आणि ते कमी पडले तर हृदयाचे स्नायू व डोळ्यांचा पडदा दुबळे होतात. कोंबडीच्या छातीच्या मांसापेक्षा तंगडीत आणि काळजात (म्हणजे हृदयात, कलेजीत नव्हे) ते अधिक असते, आणि उकडताना बरेचसे पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी मी न फेकता त्याच मांसावर ओतते. एवढ्याने रोजची गरज भागते का, की टॉरिनची पूड वेगळी द्यावीच लागते? खाडीतल्या तिसऱ्यांमध्येही (म्हणजे शिंपल्यांमध्ये) टॉरिन भरपूर असते; त्या नीट उकडून आठवड्यातून एक-दोनदा कोणी मांजराला देते का?

दुसरी शंका कॅल्शियमची. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात, म्हणून मी हाडे काढून टाकते. पण नुसत्या मांसात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. अंड्याच्या कवचाची बारीक पूड वापरणाऱ्यांनी अर्धा किलो मांसाला ती किती घालता, हे कृपया सांगावे. कलेजी आठवड्यातून किती द्यावी, हेही विचारायचे आहे, कारण अ जीवनसत्त्व जास्त झाले तर तेही हाडांना बाधते.

सासूबाईंचे म्हणणे असे की सुकट दोन-तीन पाण्यांत भिजवून द्यावी आणि वर थोडे दूध घालावे. दुधाने त्याला जुलाब होतात, तेव्हा ते नको हे त्यांनाही पटले आहे. सुकटीतला खारेपणा मात्र भिजवून पुरेसा जातो का? बोक्यांमध्ये लघवी तुंबण्याचा त्रास फार गंभीर ठरतो आणि हा आधीच पाणी कमी पितो, म्हणून मला धीर होत नाही.

तालुक्याला पुन्हा जाईन तेव्हा पशुवैद्यकांना हे सगळे दाखवणारच आहे. तोवर किनाऱ्यावर राहून ज्यांनी पावसाळाभर घरच्या अन्नावर मांजर नीट सांभाळले आहे, त्यांनी एका दिवसाच्या जेवणाचे माप ग्रॅममध्ये लिहिले तर मोठी मदत होईल.