फ्लोरिडात शेतमजुरांसाठी चर्चची परसबाग, जून ते सप्टेंबर काय लावायचं?

फोर्ट_मायर्सवाली
नमस्कार मंडळी, प्रश्न बागकामाचा आहे पण थोडं सविस्तर सांगते. इथून तासाभरावर इमोकली गाव आहे. हिवाळ्यात अमेरिकेत विकला जाणारा फ्लोरिडाचा टोमॅटो बराचसा त्याच पट्ट्यातून जातो, तोडणारे लोक मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीचे. पहाटे पार्किंगमध्ये बसेस लागतात, काम मिळालं तर मिळालं, पाऊस पडला की रोज बुडाला. आणि गंमत म्हणजे हेच लोक भाजीला महाग! मदत म्हणून वाटपात मिळतं ते डब्यातलं आणि ब्रेड, ताजा पाला जवळजवळ नाहीच. हा सगळा प्रकार नेपल्सच्याच काउंटीत, जिथे करोडपतींचे बंगले आहेत.

तिथे मिसिओन पेनिएल हे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) लोकांचं केंद्र आहे, त्यांच्या आवारात कल्टिव्हेट अबंडन्स या संस्थेची बाग आहे आणि त्यातली भाजी मजुरांनाच वाटली जाते. ते बघून माझ्या मैत्रिणीच्या छोट्या चर्चनेही जागेचा तुकडा दिलाय. मी ख्रिश्चन नाही, बागेची आवड म्हणून जाते. हिवाळ्यात कोबी, सलाड छान झालं पण मे संपला की सगळं उकडून मरतं. माती म्हणजे निव्वळ वाळू. काय लावू?

ह्यूस्टनची_काकू
अगं तुमचा जून ते सप्टेंबर म्हणजे आपला पावसाळाच की, फक्त जास्त चिकट! सलाडच्या नादी लागूच नका. लाल माठ, भेंडी, चवळीच्या शेंगा, अंबाडी, अळू, शेवगा, तूर. शेवगा वाढला की दरवेळी खांद्याएवढा छाटायचा, पाला हाताला येतो आणि वादळात झाड मोडत नाही.

आणि हे काही त्या लोकांना परकं नाही हं. हैतीवाले तूर खातात, ताज्या दाण्यांचा भात करतात. शेवग्याचा पालाही त्यांना माहीत आहे. ग्वाटेमालाचे माठ खातात, शिवाय चिपिलीन नावाची त्यांची पालेभाजी आहे, ती आपल्या तागाच्या कुळातली. मेक्सिकोवाल्यांना चाया विचारा, एकदा काडी लावली की वर्षानुवर्षं पाला देते, फक्त कच्चा अजिबात खायचा नाही, वीसेक मिनिटं उकळायचाच कारण त्यात सायनाइडचा अंश असतो.

दोन गोष्टी टाळा. नाळीची भाजी लावू नका, अमेरिकेत ते बंदी असलेलं तण आहे. आणि आईकडून बियांच्या पुड्या बॅगेत आणू नका, सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, एअरपोर्टवर काढून घेतात.

शंकासुर
बाग छान आहे हो, पण दोन शंका. एक, भाजी देता देता बायबल पण हातात देतात का? दोन, मजुरी नीट दिली असती तर ते स्वतःच भाजी विकत घेतील ना. टोमॅटो पिकवणाऱ्याला माठ फुकट वाटायचा म्हणजे मूळ रोग तसाच ठेवून मलम लावण्यासारखं नाही का?

नगरी_मिसळ
मी नगरचा मराठी ख्रिस्ती, त्यामुळे पहिला प्रश्न लहानपणापासून ऐकत आलोय 😀 रांगेत उभं राहणाऱ्याला धर्म विचारला तर ते वाटप चुकीचंच, यात माझं दुमत नाही. ताईंनी तिथे तसं काही दिसलं तर सरळ बोलावं. पण शास्त्रात मुळात उलट सांगितलंय, बायबलच्या लेवीय पुस्तकात, 19 व्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नका आणि पडलेला सरवा गोरगरिबांना, परदेशी माणसाला राहू द्या असं आहे. त्यात त्याने आधी प्रार्थनेला यावं अशी अट नाही.

दुसरा प्रश्न मात्र बरोबर आहे. पण इमोकलीत तोही लढा झालाय, आणि चर्चवाले त्यात होते. कोअलिशन ऑफ इमोकली वर्कर्स ही तिथल्या शेतमजुरांची संघटना 1993 पासून आहे. त्यांनी 2001 मध्ये टोमॅटो घेणाऱ्या टाको बेल या फास्टफूड कंपनीवर बहिष्कार पुकारला, मागणी काय तर टोमॅटोच्या पौंडामागे एक सेंट जास्त. 32 पौंडांची बादली, म्हणजे साडेचौदा किलो, खांद्यावर टाकून पळायचं आणि बादलीमागे पैसे. 2002 मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने राष्ट्रीय पातळीवर त्या बहिष्काराला पाठिंबा दिला, 2005 मध्ये कंपनीने मागणी मान्य केली. तरी 1938 च्या केंद्रीय मजुरी कायद्याने शेतमजुरांना ओव्हरटाइममधून वगळलंय ते अजून तसंच आहे, आणि कागदपत्रं नसलेल्यांना फूड स्टॅम्प, म्हणजे सरकारी अन्नमदत, मिळत नाही. मजुरी वाढेपर्यंत पोरांनी काय खायचं? दोन्ही कामं चालू द्या.

आष्टीकर
आमच्याकडचे लोक कोयता घेऊन पाच-सहा महिने ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात म्हणून विचारतो, तिकडे चुलीची काय सोय आहे? कोपीवर बाई पहाटे उठून भाकरी थापते आणि फडात जाते, तिला पालक निवडत बसायला वेळ कुठला. फुकट मिळालेली भाजी शिजवायला भांडं, गॅस, वेळ नसेल तर सडते. आणि लोक हंगामानंतर गाव सोडत असतील तर उन्हाळ्यात खाणार कोण?

फोर्ट_मायर्सवाली
@आष्टीकर भारी मुद्दा. टोमॅटो संपला की एकटे पुरुष जॉर्जिया, कॅरोलायनाकडे जातात, पण मुलंबाळं असलेली कुटुंबं बरीचशी इथेच राहतात आणि त्यांच्याकडे काम नसतं, म्हणजे खरी ओढाताण तेव्हाच. घर म्हणजे ट्रेलर, एका शेगडीवर बरेच जण, त्यामुळे पटकन शिजणारं हवं. अळू बाद 😅 चिंच घालून उकळत कोण बसणार. माठ, भेंडी, चवळी ठरलं. अंबाडी हैतीवाल्या बाईंना विचारून लावते.

@शंकासुर अजून तरी कोणी कोणाच्या हातात काही दिलेलं बघितलं नाही, दिलं तर बोलेन.

मुळांवर गाठी येतात त्याचं काय करू?

ह्यूस्टनची_काकू
ते सूत्रकृमी, वाळूत असतातच. रिकाम्या वाफ्यात ताग पेरा, फ्लोरिडात सन हेम्प म्हणून बी मिळतं. फुलावर यायच्या आत कापून तिथेच दाबायचा. कृमी कमी होतात आणि वाळूला थोडं अंग येतं. भेंडीवर हा रोग सगळ्यात जास्त, म्हणून भेंडी ताग झालेल्या वाफ्यातच. आणि वाटेत आपोआप आलेली घोळ व्हॉलंटिअरना उपटून टाकू देऊ नका, मेक्सिकन बायका ती आवडीने नेतील.